बादलीत काय होतं

सोमवार, ३ मार्च
पेपर तपासायला घेतले. गठ्ठा साठचा. निश्चय पहिला: रोज वीस. निश्चय दुसरा: मुलांच्या विनोदी चुका वहीत उतरवून पुस्तक काढायचं. शनिवारी शिक्षकांच्या संमेलनात थोडं वाचून दाखवीन. विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय आणि मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसतात.
तपासले: चार. पण चुका काय सापडल्यात! 'लेखकाने हे आत्मचरित्र मृत्यूनंतर निवांतपणे लिहिले.' 'कवी निसर्गात शिरतो, तो शेवटच्या कडव्यापर्यंत सापडत नाही.'

मंगळवार, ४ मार्च
तपासले: तीन. लाल पेन संपलं, ते आणण्यात दुपार गेली.
'कादंबरीत आई पहिल्याच पानावर वारते, तरी पुढची सगळी कामे तीच करते.' हसून हसून पोट दुखलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात चूक काय आहे? विनोदबुद्धी मुळात असावी लागते.

बुधवार, ५ मार्च, दुपारी ४
जॅकपॉट!
प्रश्न: कादंबरीचा शेवट हृदयद्रावक का वाटतो? अकरा वर्षं शिकवतोय. नायिका बादली घेऊन नदीच्या पायऱ्या उतरते आणि कादंबरी तिथेच थांबते. जीव देते बिचारी. शेवटच्या ओळीला पूर्णविरामसुद्धा नाही, काय शैली! इथे माझा आवाज दाटतो, मागचे बाकही गप्प होतात. बादली म्हणजे संसाराचं ओझं, हा माझा स्वतःचा शोध. आतापर्यंतच्या सगळ्यांनी तो नोट्समधून जसाच्या तसा उतरवलाय. हुशार वर्ग.
आणि तिसऱ्या बाकावरची चष्मेवाली काय लिहिते? 'शेवट हृदयद्रावक वाटत नाही. बादलीत कपडे होते. ती ते धुऊन परत आली व तिने दोरीवर वाळत घातले.'
दहापैकी शून्य. शेरा: पुस्तक उघडून तरी बघ! चार मार्कांनी नापास झाली, नाइलाज आहे. वहीत मात्र पहिला नंबर.
तपासले: एक.

गुरुवार, ६ मार्च
सकाळी चष्मेवालीला तिचा पेपर दाखवला. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात. डोळे भरलेले. म्हणाली, सर, मी दोनदा वाचलंय. मी तिला दहा मिनिटं बादली समजावली. माझी प्रत दाखवली: कव्हर गेलेलं, चिकटपट्ट्या लावलेल्या, पुठ्ठ्यात बांधलेली. म्हटलं, याला म्हणतात वाचन. चष्मा पुसला आणि गेली. समजलं असावं.
तपासले: शून्य. मूड गेला.

शनिवार, ८ मार्च
मैफल मारली! बादलीवर तर मुख्याध्यापक खुर्चीतून पडायचे बाकी होते. एकट्या ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. नंतर माझी प्रत मागितली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, सर, ही एकशे शहात्तर पानांची आहे. आमची एकशे ब्याण्णव. म्हटलं, टाइप मोठा असेल. तरी त्यांनी त्यांची प्रत हातात ठेवलीच.

रविवार, ९ मार्च
निश्चय: न्याहारीनंतर वाचायची. मग आंघोळीनंतर. मग जेवणानंतर.
पान एकशे सत्त्याहत्तर. बादलीत कपडे होते. दोन चादरी, नवऱ्याचे सदरे. बाई नदीवर शेजारणीशी मनसोक्त हसते, परत येते, कपडे वाळत घालते आणि पुढची चौदा पानं सगळ्या घराला सरळ करते.
अकरा वर्षं. दरवर्षी साठ मुलांसमोर मी तिला बुडवलं. खूप लाज वाटली.

सोमवार, १० मार्च
निश्चय: मुख्याध्यापकांना सगळं सांगायचं. सांगितलं. हा निश्चय तेवढा कसा पार पडला, कळत नाही. ते या वेळी हसले नाहीत. विभागप्रमुखाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.
चष्मेवालीला दहापैकी दहा. वर्गासमोर माफी मागितली. तिने विचारलं, सर, शेवट आवडला का? म्हटलं, बरा आहे, जरा लांबलाय.
घरी आलो. बायको म्हणाली, दोरीवरचे कपडे काढा. काढले.
मग चुकांची वही घेतली. पहिला नंबर खोडला आणि तिथे लिहिलं: 'बादली म्हणजे संसाराचं ओझं.' प्रत्येक चुकीखाली मी इयत्ता लिहितो. विचार करून लिहिलं: शिक्षक, वर्ष अकरावं.
पेपर बाकी: बावन्न.