हरकत नाही

सोमवार, ता. ४
देखावा यंदाही माझ्या खिडकीसमोरच! मूर्ती, कमान, दिव्यांच्या माळा — सगळं पालिकेच्या खर्चाने. वर दिवसभर भक्तिगीतं. जन्मदाखल्याला आलेल्या बाईला बाळाचं नाव ओरडून विचारावं लागलं. आमच्या लोकांनी आमच्या सणाला याच हॉलमध्ये एक टेबल मागितलं होतं. साहेब म्हणाले होते, "सरकारी जागा आहे, इथे धर्मबिर्म नको." त्यांची ती परंपरा, आमचा मात्र धर्म!

मंगळवार, ता. ५
कुणीतरी वरच्या कार्यालयात निनावी तक्रार केली — सरकारी कचेरीत एकाच धर्माचा देखावा का? आख्ख्या कचेरीत आमच्या धर्माची मी एकटी. झालं! सगळ्या माना माझ्याकडे. शिपाई म्हणाला, "बाई, तुम्हाला आमचा चहा चालतो ना अजून?" हसत. वर कप ठेवलाच नाही.
मी नाही केली तक्रार. पण सांगू कुणाला? विचारतंय कोण?

गुरुवार, ता. ७
ताई डब्याला आल्या नाहीत. शेजारची खिडकी त्यांची — मृत्यूचे दाखले. "तू आत घे, मी बाहेर सोडते," म्हणायच्या. धर्म साहेबांचाच, पण इतकी वर्षं डबा माझ्याबरोबर. आज हाक मारली तर "भूक नाही गं," आणि नजर चुकवली. बाकीचे गेले खड्ड्यात. पण ताईंनाही मीच वाटते?
डबा तसाच घरी आणला.

शुक्रवार, ता. ८
साहेबांनी आत बोलावून चक्क खुर्ची दिली. कागद तयार होता — देखाव्याने माझ्या भावना दुखावत नाहीत, माझी काहीही हरकत नाही. "तुमच्या भल्यासाठी सांगतोय. नाहीतर गोदामात बदली होईल, मग मला दोष देऊ नका." गोदाम शहराबाहेर. आईला दुपारचं इंजेक्शन कोण देणार?
सही केली.

रविवार, ता. १०
आई म्हणते, "बरं केलंस. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" बरं केलं, तर मग जिवाला चैन का नाही? भाजी करपली. कपाट आवरायला काढलं, अर्ध्यावर सोडलं. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. आई ओरडली, "एका जागी बस की!"
हरकत आहे! माझी हरकत आहे!! — लिहिलं. पुढे?

सोमवार, ता. ११
चहा परत सुरू. माझा कागद नोटीस बोर्डावर लागलाय. येणारे-जाणारे म्हणतात, "तुमच्यासारखे समजूतदार सगळेच असते तर!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी तो शेवटपर्यंत वाचला. मग बराच वेळ तिथेच उभ्या.

मंगळवार, ता. १२
तक्रार ताईंची होती.
भर हॉलमध्ये म्हणाल्या, "हिला छळू नका, अर्ज मी केलाय. आठवडाभर हिच्याकडे बघायची छाती झाली नाही माझी." साहेबांनी शांतपणे बोर्डाकडे बोट केलं. "जिचा प्रश्न, तिचीच हरकत नाही. तुम्हाला कशाला नसती उठाठेव?"
उद्यापासून ताई गोदामात. माझ्या सहीवर.