रीत न लिहिलेली उत्तरं

शुक्रवार, संध्याकाळ. कुरखेडा

उजवा हात अजून झोंबून राह्यला. सहावीतल्या कोणत्या पोरांना आठवीच्या गणिताच्या तासाला बसवायचं, हे ठरवायला आज मीच परीक्षा घेतली. सुमनची सगळी उत्तरं बरोबर, पण रीत एकाचीही लिहिलेली नाही.

"कोनाचं पाहून लिवलं?" मी विचारलं.

"कोनाचंच नाई बाई, मनातच केलं."

डोकं फिरलं माझं. सणसणीत मुस्काटात ठेवून दिली. ओठ फुटला पोरीचा. मग त्याच हाताने फळ्यावर नवीन गणित टाकलं. ओठ पुसत तिनं उत्तर सांगितलं. मला कागदावर करून पाहावं लागलं. बरोबर! आधी पडताळून का नाही पाहिलं मी? पोरांना हेच तर शिकवते. तरी आणखी एक टाकलं.

सुमन गाल झाकून म्हणाली, "बाई, आता बरोबर सांगू का चुकीचं?"