मापाचा ब्लाउज

नागापूर,
दि. ४ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप सौ. छबूअक्कास,
मच्छिंद्रचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल असताना पत्र कशाला, म्हणून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघितलं असशील. अगं, मी फोनवर कुजबुजलो तरी अश्विनीला स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि आलेला मेसेज पोरं मोठ्यानं वाचून दाखवतात.

बातमी अशी की आमची कुलपांची कंपनी बंद पडली. चीनची कुलपं इतकी स्वस्त येतात की दुकानदार आमचं कुलूप हातात घेऊन वजनाचं कौतुक करतो आणि गिऱ्हाइकाला चिनी देतो. गेटला साखळी घातली, तर तिला लावलेलं कुलूपही चिनीच निघालं. हसावं की रडावं कळेना, मग आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं.

बाहेरच्या मालानं ज्यांचं काम गेलं त्यांना सरकार सहा महिने नवं काम शिकवतंय, वर थोडं विद्यावेतनही देतंय. पण कंपनी परत उघडेल या आशेवर मी बन्सीच्या टपरीवर चहा ढोसत बसलो. गेलो तोवर वायरमनचा आणि मोबाईल दुरुस्तीचा वर्ग भरला होता. उरलं होतं लेडीज टेलरिंग. वर्गात सगळ्या बायका आणि मी.

अश्विनीला यातलं काही सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन पाळीच्या वेळेला निघतो. तिच्या आईबापांनी जन्मभर ऊस तोडला. पोरीच्या हाती कोयता येऊ नये म्हणून पाथर्डीहून इथवर येऊन कंपनीतला परमनंट जावई बघितला. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू? खरंच भीती वाटते गं.

शिकवणाऱ्या रेश्मा मॅडमनी घरून मापाचा ब्लाउज आणायला सांगितलाय. अश्विनीचा मागितला तर बिंग फुटेल. तुझा एक बन्सीच्या पत्त्यावर पाठव.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
मच्छिंद्र

*

बेलापूर,
दि. १२ ऑगस्ट

चि. मच्छिंद्र यास,
छबूअक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी कंपनीला शिव्या घातल्या, आणि मग हसून हसून ठसका लागला. चड्डीचं बटण लावायला मी सुई काढली की तू घर सोडून पळायचास. आता सरकारनंच धरून बसवलं म्हणायचं!

मोहरीच्या रंगाचा ब्लाउज पाठवलाय. अट एकच. दरवर्षी भाऊबीजेला तू साडी देतोस आणि ब्लाउजसाठी शिंप्याकडं हेलपाटे मी घालते. औंदा शिवूनच आण.

आणि वेड्या, रोज निर्मळ शर्ट घेऊन घरी गेलास तर धुणारीला कळणार नाही का? बन्सीच्या शेजारी गॅरेज असेल, तिथं जरा बाही पुसून घेत जा. पण हे सोंग फार दिवस चालायचं नाही. सांगून टाक. अश्विनी शहाणी आहे, भित्रा तूच आहेस.

पोरांना गोड पापा. जिवाला जप.
तुझी,
छबूअक्का

*

नागापूर,
दि. १० सप्टेंबर

तीर्थस्वरूप वन्संस,
अश्विनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू येईल म्हणून लिहिते. आज यांच्या डब्याच्या पिशवीत एका बाईचा ब्लाउज सापडला. मोहरीचा रंग, असला रंग शहाणी बाई घालत नाही. बाई चांगलीच जाडजूड असणार, माझ्यासारख्या दोघी आत मावतील. काखेत उसवलेला, तोही धड दुरुस्त केलेला नाही. हिच्यासाठी मला फसवावं?

शर्टाला ग्रीस असतं, पण नेमकं एकाच बाहीला, तेही पुसल्यासारखं. काही विचारलं की हे खाली बघतात. तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, तुम्हीच खरं काय ते सांगा. भांडायला मी भीत नाही, पण आधी कळू तर द्या.

मला परकी समजू नका.
आपली,
अश्विनी

*

बेलापूर,
दि. १५ सप्टेंबर

चि. मच्छिंद्र यास,
आशीर्वाद. औंदा जरा कमीच.

तू माझा ब्लाउज बन्सीकडं ठेवायला विसरलास आणि इथं मी जाडजूड ठरले! रंगावरून बोलणी खाल्ली, शिवणीवरून खाल्ली, आणि तुझ्यापायी गप्पही बसले. म्हणजे बसणारच होते. अश्विनीच्या पत्राला उत्तर लिहिलं की माझा भाऊ सरळ आहे, मनात काही आणू नकोस. तिथंच थांबायला हवं होतं. पण राहवेना. खाली लिहिलं की ती बाई काही जाड नाही, बाळंतपणानंतर अंग भरतंच, आणि काखेतली शिवण धुऊन धुऊन विरलीय.

पत्र पेटीत पडल्यावर कपाळावर हात मारून घेतला. तुझी बायको दुधखुळी नाही. ती विचारायच्या आत तू सांग, नाहीतर मीच पहिल्या एसटीनं येते.

रागावले तरी तुझीच,
छबूअक्का

*

नागापूर,
दि. ३ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप छबूअक्कास,
मच्छिंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बन्सीच्या गल्ल्याखालीच पडून राहिलं, म्हणून मी बेसावध. नवरात्राआधी एकदा वर्गात पिशवी उघडली, तर डब्याखाली जांभळं ब्लाउजपीस, आणि त्यावर नीट घडी घातलेला अश्विनीचा मापाचा ब्लाउज. सगळ्या बायकांसमोर माझे डोळे भरून आले. रेश्मा मॅडमना वाटलं, बोटात सुई गेली.

घरी गेल्यावर सगळं सांगितलं. तुझं उत्तर वाचून ती आधी तासभर हसली होती म्हणे, मग माझ्यामागं येऊन वर्गाच्या खिडकीतून बघून गेली होती. म्हणाली, लहानपणी दर दिवाळीनंतर बैलगाडीत बसून आमचं बिऱ्हाड नव्या कारखान्याला जायचं. काम बदलल्याची भीती मला कशाला दाखवता? मी रोज डबा घेऊन एकटाच भीत हिंडलो, हे मात्र तिला लागलं.

नवरात्रात हळदीकुंकवाला तिनं तो जांभळा ब्लाउज घातला. डावी बाही जरा चढलीय. कॉलनीतल्या बायकांनी विचारलं, कुणी शिवला? मी आतल्या खोलीत श्वास रोखून उभा. लग्नापासून आमचे हे कंपनीत, आमचे हे कंपनीत करणारी ही. आता काय सांगते? तर तिनं मला हाक मारून बाहेर बोलावलं. म्हणाली की आमच्या यांनी शिवलाय, आणि उद्यापासून मापाचे ब्लाउज माझ्याकडं आणून द्या, पण बाही त्यांना अजून जमत नाही, तेव्हा महिनाभर धीर धरा.

तुझाही तयार आहे. अश्विनीनं आत दोन बोटं कापड जास्त सोडायला लावलंय. वन्सं जाड नाहीत, अंगानं भरलेल्या आहेत, अशी मला सक्त ताकीद आहे. भाऊबीजेला दोघं मिळून आणतो.

आमच्या दोघांवर लोभ ठेव. हिच्यावर काकणभर जास्त.
तुझा,
मच्छिंद्र टेलर