गोकुळ सरांच्या दारातला वानवळा

मु. जळोची, बारामती

तीर्थस्वरूप दाजी, यांना मानसिंगचा दंडवत.

तुमचा गुडघा आता कसा आहे? अक्का रोज तेल लावून देते, की नुसतीच बोलून घेते? (आमच्याकडं नुसतं बोलणंच मिळतं.) आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरा मजेत आहे तो गोकुळ.

गोकुळ कोण, तर आमच्या वर्गावर इंग्रजी शिकवणारा. तुमच्या इंदापूरच्या वर्गासारखाच आमचाही वर्ग संध्याकाळी समाजमंदिरात भरतो. दहावीला गणितात नि इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेली पोरं; निम्म्यांची शाळा ऊसतोडीच्या फडावर बुडालेली, निम्मी दिवसभर राबून, हातपाय धुऊन येणारी. पुरवणी परीक्षा तोंडावर आली आहे. पहिला तास गणिताचा, म्हणजे माझा (निवृत्त झालो तरी खडू सुटत नाही), दुसरा गोकुळचा. तो लांबच्या भूम तालुक्यातला, वय जेमतेम पंचवीस, भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. पोरांत सगळ्यात चलाख नकोशी. भाजी निवडायच्या कामावरून थेट वर्गाला येते. दोन्ही विषय सुटले तर तिला आयटीआयला जायचंय, नाहीतर आहेतच भाजीचे क्रेट. पोरगी सुटावी असं मला अगदी मनापासून वाटतं. फक्त ती माझ्यामुळं सुटली असं तिनं चारचौघांत म्हणावं.

पण म्हणणं राहिलं लांबच. दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं, माझा नुसता जळफळाट होतोय. पोरांच्या आया गोकुळच्या दारात वानवळा आणून ठेवतात! शेतात, परसात पहिला माल निघाला की त्यातला घासभर दुसऱ्याच्या घरी द्यायचा ही आपली रीत, मान्य. पण नकोशीची आई रंगूबाई, तिनं परसातले पहिले दोडके त्याला दिले. कुणी शेवगा देतं, कुणी भुईमुगाच्या ओल्या शेंगा. आणि मला काय? नमस्कार. तोही कोरडा.

मग मी रिकामी पिशवी नेऊन खुर्चीच्या पाठीला अडकवायला लागलो, तिचं तोंड उघडं ठेवून. पोरीला न्यायला आलेली रंगूबाई म्हणाली, "सर, मंडईला निघालाय जणू?" बरं, गणितातूनच सुचवावं म्हणून फळ्यावर लिहिलं, रंगूबाईकडे क्ष दोडके आहेत, त्यांतले निम्मे तिने सरांना दिले. नकोशीनं हात वर केला. "कुठल्या सरांना? गोकुळ सरांना आसतील तर निम्म्यावर न्हाय भागायचं." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. (समीकरण मात्र तिनं बरोबर मांडलं.)

या सगळ्यावर कडी झाली ती परवा. गोकुळच म्हणाला, "सर, मला एकट्याला एवढं संपत नाही, थोडी भेंडी न्या." मी नको नको म्हणत घेतली. घरी येऊन आमच्या मंडळींपुढं, अनितापुढं पिशवी ठेवली नि ऐटीत सांगितलं, बघ, पोरांनी मला किती जीव लावलाय. तिनं एक भेंडी उचलली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ही सकाळी मीच आपल्या वावरातली तोडून गोकुळ सरांना धाडली हुती." म्हणजे आता घरातूनसुद्धा! ती भेंडी मी खाल्ली, पण दुसऱ्यांदा मागितली नाही.

असो. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा (आता फक्त तुमचाच उरलेला) मेहुणा,
मानसिंग

ता. क. : हे पत्र गुडघ्यासाठी लिहिलेलं नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. तुमच्या वर्गावर इंग्रजीला माणूस नाही, असं अक्का फोनवर म्हणाली. दोन्हीकडचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेत तुमचा शब्द चालतो. गोकुळला सोमवारपासून इंदापूरला ओढून घ्या. हिरा आहे हो पोरगा! इथलं इंग्रजी मी कसंही रेटून नेईन.

आणखी एक ता. क. : चिकटवलेलं पाकीट फाडून लिहितोय. गोकुळला बोलावू नका. आज वर्गात बोलून गेलो, की तुमचे गोकुळ सर इंदापूरला चाललेत. नकोशीचा चेहरा खर्रकन उतरला. "मग बुडालंच माझं इंग्रजी," एवढंच म्हणाली. रडली असती तर समजूत काढली असती. तिनं तर इंग्रजीची वही मिटून पिशवीत टाकली. दाजी, मला माझीच लाज वाटली हो. तेवढ्यात रंगूबाई तिला न्यायला आली. न राहवून मी विचारलंच, की बाई, माझ्यात काय कमी आहे, मला कधी एक दोडका नाही? ती तोंडाला पदर लावून हसली. "आवो सर, तुमच्या वावरात भाजी मावंना. तुमाला वानवळा द्यायचा म्हंजी तुमाला गरीब म्हणल्यागत न्हाय का व्हायचं? ते पोरगं परगावचं, हितं त्याला ना शेत ना माय. आन् आमची पोरगी घरी आली की मानसिंग सर आसं म्हणले, मानसिंग सर तसं म्हणले, कान किटले माझं."

माझ्या पोटातली आग विझली. निम्मी. तेव्हा नकोशीची परीक्षा होईपर्यंत आम्हा दोघांनाही इथनं हलवू नका. परीक्षा झाली की मात्र मला तिकडं बोलवा. गणित शिकवीन, तुमच्याच ओसरीवर राहीन. फक्त इंदापुरात कुणालाही सांगू नका, की मला शेत आहे.