सड्यावरचं बिनशेपटीचं जनावर

बाई, आपल्या सड्याला बक्षीस मिळालं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, कारण तेव्हा तुम्ही नव्हतात. जुन्या वास्तू, देवराया, डोंगर-किनारे अशा जागा आल्यागेल्याला आणि त्या गावातल्याच माणसांना जे गोडीनं दाखवतात, त्यांच्यासाठी पुण्याची एक संस्था हे बक्षीस द्यायची. आपल्याकडे ना मोठी वास्तू, ना रान. हायस्कूलच्या मागची घाटी चढून गेलं की नजर पोचेल तिथवर पसरलेला उघडा कातळ, तोच आपला सडा, आणि त्या कातळावर कोरलेलं एक जनावर. दोन माणसं पाय पसरून निजतील एवढं लांब, पोटात तीन मासे. कोणी कोरलं, कधी, कशासाठी, हे ना तुम्हाला ठाऊक होतं ना मला. तरी बक्षीस मिळालं, आणि ते कसं मिळालं हे तुम्हालाच नीट कळेल म्हणून लिहिते आहे.

मी अठ्ठ्याण्णव साली शाळेत लागले. तुम्ही इतिहास-भूगोल शिकवत होतात, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुम्ही काळी छत्री घेऊन सड्यावर जायच्यात, आणि पहिल्याच महिन्यात मीही तुमच्या मागून येऊ लागले. कधी नववीचा वर्ग बरोबर असायचा, कधी कोणाकडे आलेले मुंबईचे पाहुणे, कधी गवताला निघालेल्या बायका. तुमची पद्धत मला सुरुवातीला विचित्र वाटायची. सगळ्यांना कातळावर आणून सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. "इथे काहीतरी आहे. शोधा." एवढंच. लोक खाली बघत फिरत राहायचे, कंटाळायचे, एकमेकांकडे बघून हसायचे, आणि मग कोणीतरी ओरडायचं की इथे रेघ आहे. त्यानंतर तुम्ही तांब्यातलं पाणी त्या रेघेत ओतायच्यात. पाणी वळणावळणानं पुढे सरकतंय, कोरड्या कातळावर एक पाय उमटतोय, मग पोट, मग पाठ. बघणाऱ्यांच्या माना पाण्याबरोबर वळत जायच्या. ते मला अजून दिसतं.

त्याच वर्षी डिसेंबरात शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला यायचे होते. तुम्ही दोन दिवसांसाठी दापोलीला भावाकडे गेला होतात. साहेबांना सड्यावर न्यायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. त्यांना शोधायला लावणं मला कसंसंच वाटलं. क्रीडास्पर्धांसाठी मैदान आखायची पांढरी फक्की शाळेत उरली होती. मी घमेलंभर फक्की वर नेली आणि सगळ्या रेघा भरून काढल्या. लांबून जनावर लख्ख दिसायला लागलं. साहेब आले, पाच मिनिटं थांबले, छान म्हणाले आणि गेले. मी खूश होते.

सोमवारी तुम्ही मधल्या सुट्टीत वर जाऊन आलात आणि स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिलात.

"कोणी केलं ते?"

"मी, बाई. साहेबांना नीट दिसावं म्हणून."

"त्यांना काय दिसलं? तुझी फक्की दिसली." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आणि शेपूट कुठनं आणलंस? ती कातळाची भेग आहे गो. इतकी वर्षं ते जनावर बिनशेपटीचं होतं, तू एका सकाळीत त्याला शेपूट लावलंस. उद्या कोणी फोटो काढला की जन्मभर तेच खरं."

पुढच्या शनिवारी आपण ते धुवायला गेलो. तुम्ही, मी आणि नववीच्या मुली. खरवडायचं नाही, घासायचं नाही, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं, अशी तुमची ताकीद होती. दवानं फक्कीचा लगदा झाला होता. पायथ्याच्या विहिरीवरून कळशा भरून आणायच्या, घाटी चढायची, पुन्हा उतरायची. माझ्या खांद्यात कळा येत होत्या आणि तुमच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. दुपारी जमिनीचे मालक तिकडून आले. त्यांच्या आंब्याच्या कलमांचं कुंपण सड्याला लागूनच होतं. हा कातळ त्यांनी चिऱ्यांच्या खाणीला द्यायचं ठरवलंय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मोजणीच्या खुंट्यासुद्धा मारून झाल्या होत्या, आणि त्यातल्या दोन खुंट्यांच्या मध्ये हे जनावर येत होतं. तुम्ही त्याबद्दल कधी कोणाशी भांडला नाहीत, याचा मला राग यायचा.

"बाई, काय करताव? कातळ धुताव?"

"धुतोय. तुमच्याच जमिनीतला आहे. बसा जरा, पाणी प्या."

ते बसले नाहीत. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "तुम्हीच ओता की ह्या रेघेत, माझा हात दुखतोय." तुमचा हात दुखत होता की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी कळशी घेतली. पाणी पुढे गेलं आणि ते त्याच्या मागून चालू लागले, वाकून, पाय जपून टाकत. पोटातल्या माशांपाशी आल्यावर उकिडवे बसले आणि एका माशावर बोट ठेवलं.

"लहानपणी गुरं घेऊन इथंच बसायचो," ते म्हणाले. "ह्या खाचेत पावसाचं पाणी रहायचं, त्यात बेडकाची पिल्लं धरायचो. हा मासा हाय, हे कोणी सांगितलंच नाय."

"मलाही कोणी सांगितलं नाही. बघता बघता दिसलं."

खाण हा शब्दही तुम्ही काढला नाहीत. दोन आठवड्यांनी वर गेलो तेव्हा खुंट्या उपटून बांधाला टेकवून ठेवलेल्या होत्या. मी आनंदानं तुमच्याकडे बघितलं. माझ्या चुकीतून काही भलं झालं, असं तुम्ही म्हणाल अशी आशा होती. तुम्ही म्हणालात, "तिकडे मागच्या पायाशी अजून पांढरं आहे, ते टिपून घे." तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, तुम्ही मला स्वस्तात सोडलं नाहीत हे किती बरं झालं.

निवृत्त होताना तुम्ही मला एक जाड वही दिलीत. मला वाटलं, सड्याची सगळी माहिती असेल. उघडली तर नुसते प्रश्न. येणाऱ्यांनी विचारलेले, विचारणाऱ्याच्या ओळखीसकट. तिसरीतली मुलगी, हे जनावर गाभण आहे का. गवतवाली, कोरणाऱ्याला ऊन लागलं नसेल का. मुंबईचे गृहस्थ, ह्याचा उपयोग काय. काहींच्या खाली तुमच्या हिरव्या शाईत उत्तर, पुष्कळांच्या खाली मोकळी जागा. दोन वर्षांनी, दापोलीला भावाकडे असतानाच, तुम्ही गेल्याची बातमी आली. एसटी बदलत बदलत पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

पुढे काही वर्षांनी बक्षिसासाठी परीक्षक आले ते भाद्रपदात, एक बाई आणि एक गृहस्थ. त्या दिवसांत रेघांमधल्या चिमूटभर मातीत निळी बारीक फुलं येतात, तुम्हाला माहीतच आहे. त्या वर्षी जनावराची अख्खी पाठ निळी झाली होती. मी बोलायला तोंड उघडणार तोच जमिनीचे मालक पुढे झाले. "आधी शोधा," ते परीक्षकांना म्हणाले, आणि बाजूला गप्प उभे राहिले. किती वेळ गेला, माझा जीव टांगणीला लागला होता. मग परीक्षक बाईंना फुलांची ओळ दिसली, आणि त्या तिच्या कडेकडेनं चालत निघाल्या. ह्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "आमाला ठाऊक नाय. सातबारा माझ्या नावावर हाय, पण हे माजं नाय. माझ्या आज्याच्या आज्याला पण ठाऊक नसंल. म्हणून तर राखायचं." उतरताना परीक्षक बाईंनी मला विचारलं की ह्यांना कुठे प्रशिक्षण दिलंत. मी म्हटलं, एका दुपारी, एका बाईंनी, पाणी ओतायला लावून.

पुण्याच्या समारंभाला मालक धुवट टोपी घालून आले होते. मानचिन्ह त्यांच्याच हातात दिलं, आता ते शाळेच्या कपाटात आहे. प्रमाणपत्रात "पाहुण्यांना आणि गावाला एकाच वेळी आपली जागा नव्यानं दाखवल्याबद्दल" असं लिहिलंय. वाचून दाखवलं तेव्हा मला तुमची छत्रीच दिसत होती. मी भाषणात तुमचं नाव घेतलं. फक्कीचंही सांगितलं, शेपटासकट, आणि लोक हसले.

एक मात्र तिथेही सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगायच्यात, "मी बोलावलं नव्हतं, ही पोरगी आपणहून आली सड्यावर." बाई, त्या पहिल्या शनिवारी मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना बोर्डाचे फॉर्म तपासायला थांबवून घेत होते. मी मागच्या दारानं सटकले. घाटीवर तुम्ही दिसलात, आणि कोणी हटकलं तर बाईंबरोबर निघालेय म्हणायची सोय झाली, म्हणून तुमच्या मागून चालू लागले. वर पोचल्यावर तुम्ही वळून इतक्या आनंदानं "आलीस?" म्हणालात, की मी मान हलवली. पुण्याला मंचावर कोणीतरी विचारलं, ह्या कामाची ओढ तुम्हाला कशी लागली. मी तेव्हाही म्हटलं, आपणहून गेले.