टमाट्यातला झेंडू

५ ऑक्टो.
...पण त्यात हसायचं काय? सकाळी फोनवर परत तेच. म्हटलं, बाबा, टमाट्याच्या मधी मधी झेंडू लावला न, त अळीचं पाखरू अंडे झेंडूवर घालते, टमाटा वाचते. त म्हणे, "टमाट्यात झेंडू? लग्न हाय का तुया टमाट्याचं?" मागून आईचं हसू. आता आमच्या मावला गावातले सगळे भाजीवाले हेच बोलतीन. यंदा आपल्या वावरात दोन ओळी तरी झेंडू लावायले लावतेच बाबाले. कॉलेजच्या शेतातली माही ट्रायल नीट झाली पाहिजे, बस.

७ ऑक्टो.
झेंडूवाले प्लॉट एकदम क्लीन. बिनझेंडूच्यात टमाट्याले भोकंच भोकं. सर आले, दोन टमाटे उलटून पाह्यले, वहीत टिक मारून गेले. म्हणजे खुश.
स्वप्ना (रूममेट, बेल्लमपल्लीची) लेन्स लावून अंडे शोधून राह्यली. ट्रायल तिची नाही. दसऱ्याच्या सुट्टीनं हॉस्टेल अर्धं रिकामं झालं, ही माह्यासाठी थांबली.

९ ऑक्टो.
उद्या मोठा बतुकम्मा, इकडच्या बायकांचा फुलांचा सण. स्वप्नाची अम्मा घरी ताटात फुलं रचते, क्वार्टरमधल्या बायका भोवती फेर धरतात. पहिल्यांदाच ही तिथं नाही. व्हिडिओ कॉलवर अम्मा रडली, ही नाही. मग ताट घेऊन रोडच्या कडंनं फुलं शोधत फिरली. चार पिवळे तुरे भेटले.
"इत्ते फूलां हैं तेरे पास, मैं रोड पे ढूंढरी."
म्हटलं, ते फुलं नाहीत, ट्रायलची ट्रीटमेंट हाय. हसली. जेवली नाही नीट.

१० ऑक्टो.
तोडला. एका प्लॉटचा झेंडू, कळ्यासकट. मीच तोडला, तिले न सांगता.
टोपली पाहून स्वप्नानं पहिले तेलुगूत शिव्या दिल्या (सगळ्या समजल्या). मग व्हरांड्यात उरलेल्या पोरी गोळा. एकेक फूल आधी लेन्सखाली, अळी बाजूला, मग ताटात. मेसवाल्या अक्का म्हणे, पूजा हाय का प्रॅक्टिकल?
मी पण फेरात. टाळी दर वेळी चुकली. बतुकम्मा तलावात सोडताना स्वप्ना रडली एकदाची. बरं झालं.

१४ ऑक्टो.
सरले सांगून टाकलं. वाटलं ओरडतीन. चष्मा पुसला.
"फुलं छान दिसली असतील. तो प्लॉट मात्र रिपोर्टमधून काढून टाक. मोजायचा नाही."
बरोबरच हाय. वहीत त्या प्लॉटवर काट मारली.

२१ ऑक्टो.
त्या प्लॉटमधी आता हिरव्या टमाट्याले भोकं. स्वप्ना सॉरी सॉरी करून राह्यली. म्हटलं, गप न.

२३ ऑक्टो.
बाबा आले! बाजारहत्नूरले पाव्हण्याकडं गेलते, येताना इकडं. चांगले प्लॉट दाखवले.
"खत भारी असन तुमच्या सरचं."
काईच पटलं नाही. मी रडकुंडीले आली. मग बाबा स्वतःच जाऊन त्या मोडक्या झेंडूपाशी बसले.
"हे काऊन खराब?"
सांगितलं, बतुकम्म्यासकट. एक टमाटा फोडला. आत अळी. एकदा तुटलेल्या देठांकडं, एकदा बाजूच्या चांगल्या प्लॉटकडं पाह्यलं.
"म्हणजे फूल गेलं, त ती इकडं आली?"
"हो बाबा."
"मंग हे सोडून मले ते काऊन दाखवून राह्यली तू, येडे?"
जाताना स्वप्नाले विचारलं, "पोरी, झेंडूचं रोप कुठं भेटते इकडं?" तिले मराठी येत नाही, तरी समजलं. मी तिकडं तोंड करून हसली.

२४ ऑक्टो.
रिपोर्ट लिहाले बसली. सर म्हणतात तेही खरंच: एका प्लॉटवरून काई सिद्ध होत नाही, अळी दुसऱ्या कारणानं पण आली असन. म्हणून तो प्लॉट रिपोर्टात नाही. आणि बाबाले पटलं ते त्या एकाच प्लॉटनं. बाकीचे सगळे त्याहीच्यासाठी खतच.
सरले परत विचारू का? का चूप बसू, बाबा झेंडू लावून राह्यले तेवढं बस? हे वाचणाऱ्या, तूच सांग, तो प्लॉट मोजायचा का नाही?