एकच बाबा, पाच फोल्डर

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. सांगतो शेवटी. या वेळी रजा मिळाली नाही म्हणून तू हळहळलीस, पण माझी मंगळवारची तपासणी आईला सोबत नेऊन नीट पार पडली. रिपोर्ट काल हातात आला. त्याचंही पुढे येईलच. तोवर जीव टांगून बसू नकोस, मी हे पोटभर जेवून लिहितोय.

तू दिलेल्या लॅपटॉपने गेल्या आठवड्यात संप पुकारला. शाळेच्या वाचनालयाच्या कपाटांचं ड्रॉइंग पुरं झालं आणि हा म्हणतो, जागा नाही, सेव्ह होणार नाही. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक! म्हटलं, चाळीस वर्षं लोकांना कपाटं करून दिली, हे एक आवरता येऊ नये? कपाट आवरायचं तर आधी सगळं टेबलावर काढायचं. तसं सगळं उचलून डेस्कटॉपवर मांडलं. अख्खी सकाळ गेली, पट्टी तसूभर हलेना. मग एका व्हिडिओत कळलं, डेस्कटॉपही सी ड्राइव्हमध्येच असतो. म्हणजे मी ज्या खणातलं सामान त्याच खणात ठेवत बसलो होतो! आई म्हणाली, "घरातही तुम्ही असंच आवरता."

मग जागा कुणी अडवलीय ते शोधलं. सगळ्यात मोठे पाच फोल्डर, पाचही तू केलेले. 'बाबा जानेवारी', 'बाबा एप्रिल', असे ओळीने. उघडून बघतो तर मी रंधा मारतोय, मी तुझ्यावर डाफरतोय, मी आरामखुर्चीत घोरतोय (तेही चित्रित केलंस, शहाणे!). माझ्याच फोनवर तू टिपलेलं सगळं, दर वेळी पहिल्यापासून, पाच वेळा. आधी हसू आलं. एवढी शिकलेली पोर आणि इतकी वेंधळी! मग तारखा पाहिल्या. प्रत्येक फोल्डर माझ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळचा. चहा झाला की म्हणायचीस, "बाबा, फोन द्या जरा, फोटो उतरवून घेते." मी आपला द्यायचो.

दर तीन महिन्यांनी हसत दारात उभी राहायचीस, आणि मनात हे घेऊन. मला वाटायचं, भीती एकट्या मलाच आहे आणि मी ती झकास लपवतोय. आपण बापलेक एकाच माळेचे मणी.

सगळ्यात ताजा फोल्डर डी ड्राइव्हमध्ये हलवला, नीट उघडतो ना ते दोनदा पाहिलं. बाकीचे चार उडवले. रिसायकल बिन रिकामा करताना बोट अडखळलं खरं. पण पट्टी निळी झाली, ड्रॉइंग सेव्ह झालं आणि मला केवढं हलकं वाटलं!

आता रिपोर्ट. स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी नको, आता वर्षाने या. फोनवर सांगितलं असतं तर "खरं सांगताय ना?" म्हणून उलटतपासणी घेतली असतीस, म्हणून छापील प्रत सोबत जोडलीय, शिक्क्यासकट. आणि आईच्या तोंडून निसटलं, तुला लांबची ती नोकरी मिळालीय आणि माझ्यापायी तू नकार कळवणार आहेस. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे ना? हो म्हण. तिथे खोली घेतलीस की भिंतीची लांबी, उंची आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळव. कपाट मी करणार. दोन महिने लागतील. तेवढे आता आहेत माझ्याकडे.

धडधाकट आणि तुझाच,
बाबा